खालचा डावा कोपरा

१

वहिनींना सगळे वहिनी म्हणत, कारण त्या मिस्त्रींच्या बायको होत्या. मिस्त्री म्हणजे लिफ्ट बसवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीतले सगळ्यात जुने फिटर. मालक असलेले साहेब वयाने वीस वर्षांनी मोठे, पण तेसुद्धा वहिनीच म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी एकदा 'बाई' अशी हाक मारून बघितली होती, ती कुणालाच पटली नाही, त्यांनाही नाही.

वहिनी कॉम्प्युटरवर लिफ्टचे नकाशे काढत आणि मिस्त्री तेच नकाशे काखेत मारून शाफ्टमध्ये उतरत. शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती उभी, अंधारी पोकळी, जिच्यात लिफ्ट वरखाली होते. घरात कोण कुणाचं ऐकतं हा वेगळा विषय, पण शाफ्टमध्ये मिस्त्री बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते. कागदावर जो आकडा असेल त्या आकड्यावर ते खिळा ठोकत.

त्यातला एक आकडा वहिनी नेहमी शेवटी घालत, जरा श्वास रोखून. लिफ्ट सगळ्यात वर गेली की तिच्या टपाच्या आणि शाफ्टच्या छताच्या मध्ये किती जागा उरते, तो आकडा. काम चालू असताना मिस्त्री लिफ्टच्या आत नसायचे. ते टपावर उभे असायचे.

त्या मंगळवारी सकाळी नकाशा पुरा झाला होता. मिस्त्री हेल्मेट हातात घेऊन प्रिंटरपाशी उभे होते आणि उशीर होतोय हे तोंडाने न बोलता पायाने सांगत होते. वहिनींनी सेव्ह केलं. पडद्यावर एक चौकोन आला: ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे. सेव्ह करता येत नाही.

ऑफिसात कॉम्प्युटर दोनच. दुसरा साहेबांचा, आणि साहेब बाहेरगावी गेलेले, त्यांची खोली कुलपात. वहिनींनी पुन्हा सेव्ह केलं. पुन्हा तेच. नाव बदलून बघितलं, तेच.

"होईल ना आज?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या हातात असतं तर झालं असतं. बसा जरा."

करायला काही नव्हतं, म्हणून वहिनी नकाशावरून उगाच नजर फिरवत बसल्या. आणि एका आकड्यापाशी थांबल्या. त्यांची कामाची रीत अशी, की प्रत्येक नवा नकाशा कोऱ्या कागदापासून काढायचा नाही. मिळतीजुळती जुनी इमारत उघडायची, तिला नवं नाव द्यायचं आणि एकेक आकडा बदलत जायचं. आज सगळे आकडे बदलले होते आणि तोच एक राहिला होता, टपावरचा. तो जुन्या, उंच इमारतीचा होता. त्याच्या भरवशावर मिस्त्री ताठ उभे राहिले असते, आणि या इमारतीत ताठ उभं राहण्याइतकी जागाच नव्हती.

त्यांनी आकडा बदलला. फाइल मुकाट्याने सेव्ह झाली.

"झालं?" मिस्त्री म्हणाले.

"झालं," वहिनी म्हणाल्या. कागद देण्याआधी त्यांनी तो आकडा बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला, पण मिस्त्रींचं लक्ष घड्याळाकडे होतं.

२

त्या आठवड्यात आणखी एकदा तेच झालं, म्हणून साहेबांनी वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवा म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. मशीन उघडायच्या आधी डब्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायची त्यांची सवय होती, त्यावरून हे नाव पडलं होतं. ते त्यांना आवडायचंही.

"कधी होतं हे?"

"त्याला वाटेल तेव्हा. दोन दिवस काही नाही, आणि मग एकदम."

"सेव्ह करतानाच?"

"सेव्ह करतानाच. उघडताना नाही, छापताना नाही."

"मग सोपं आहे," वैद्यबुवा म्हणाले. ते ज्या दुखण्याला सोपं म्हणत त्याला सहसा तीन फेऱ्या लागत.

त्यांनी डिस्क बघितली, ती अर्धी रिकामी होती. अँटिव्हायरस बंद करून बघितला. केबल बदलली. सगळ्या परवानग्या काढून पुन्हा दिल्या. लपलेल्या, अर्धवट राहिलेल्या फायली शोधून उडवल्या. मग त्यांनी मशीनची नोंद उघडली. कुठली फाइल कुणी, कधी धरून ठेवली ते तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. एक ओळ म्हणजे एक मशीन, पुढे वेळ. मंगळवारच्या ओळीत वेळ होती, नावाची जागा मोकळी होती.

"म्हणजे कुणीच नाही?" वहिनींनी विचारलं.

"कुणीच नसतं तर ओळच नसती. ओळ आहे म्हणजे कुणीतरी धरलेली होती." वैद्यबुवांनी डोकं खाजवलं. "तुमचं मशीन स्वतःच धरून बसतं आणि स्वतःलाच ओळखत नाही, असं दिसतंय. माझे सासरे तसेच आहेत."

वहिनी हसल्या. वैद्यबुवांनी नोंदीतल्या दोन्ही वेळा एका चिठ्ठीवर उतरवल्या, ती टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की असं झालं की तारीख आणि वेळ लिहून ठेवा, त्यावरून काहीतरी धागा लागेल. जाता जाता त्यांनी पडद्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबले.

"हा कोपरा एवढा का तापलाय?"

वहिनींनी बोट लावून बघितलं. बाकीची काच गार होती. कोपरा मात्र, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यावर खुर्ची लागते तसा, कोमट होता.

"आतली पट्टी जात आली असेल," वैद्यबुवा म्हणाले, आणि वहिनींनी ते लगेच मान्य केलं. मान्य करण्यात सोय होती.

३

खालचा डावा कोपरा. घरी भांडी घासताना ते शब्द वहिनींच्या डोक्यात घुमत राहिले, आणि मग त्यांना खोडरबर काका आठवले.

काका कंपनीचे तपासनीस होते. त्या काळी नकाशे हाताने कागदावर काढत, आणि काकांच्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कागद बाहेर पडत नसे. सगळ्यांनी काढायचं आणि काकांनी खोडायचं, म्हणून ते खोडरबर. त्यांची पद्धत ठरलेली. कागद समोर आला की खालच्या डाव्या कोपऱ्यावर डावा पंजा पसरून ठेवायचा आणि उजव्या हातातल्या पेन्सिलीने एकेक आकडा टिपत वर सरकायचं. चूक सापडली तर ती सांगायची नाही. नुसता पंजा ठेवून बसून राहायचं. ज्याने नकाशा काढला त्याने ती स्वतः शोधायची. समाधान झालं की पंजा उचलायचा आणि दोन बोटांनी कागदावर दोनदा टकटक करायचं. टकटक झाली की नकाशा पास.

वहिनी तिथे लागल्या तेव्हा या पंजाने त्यांना किती रडवलं होतं. एकदा तर मिस्त्री खाली गाडीत खोळंबलेले, साहेब ओरडत होते, आणि काका पंजा ठेवून ढिम्म. वहिनींनी तीनदा बघितलं, चूक दिसेना. शेवटी त्यांचा तोल गेला.

"काका, आता हात काढा," असं म्हणून त्यांनी कागद ओढला.

कागद फाटला. कोपरा काकांच्या पंजाखाली राहिला. काकांनी त्या तुकड्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि म्हणाले, "ठीक आहे पोरी. जा." संध्याकाळी मिस्त्री सुखरूप परत आले. नकाशात चूक होती, दरवाजाच्या मापात, पण ती त्यांना जागेवर कळली आणि निभावलं. महिन्याभरात कॉम्प्युटर आला, तपासनिसाचं टेबल हलवलं गेलं आणि काका निवृत्त झाले. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. भेटायला जायचं असं वहिनी दोन वर्षं म्हणत होत्या. कागद फाटल्याचा तो आवाज त्यांना जाऊ देत नव्हता.

४

चिठ्ठी भरत गेली. चार तारखा, चार वेळा. प्रत्येक वेळी फाइल अडली आणि प्रत्येक वेळी शोधल्यावर चूक निघाली. एकदा वजनाची, एकदा दोरीच्या लांबीची. चूक सुधारली की फाइल सुटायची. वहिनी काही भोळ्या नव्हत्या. चूक सगळ्यांच्याच नकाशात असते, फाइल अडली म्हणून आपण शोधतो आणि शोधलं की सापडते, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तो युक्तिवाद चांगलाच होता.

खात्री करायची म्हणून त्यांनी एके दुपारी मुद्दाम चूक केली. दरवाजाची रुंदी इतकी लिहिली की बैलगाडी आत गेली असती. सेव्ह केलं. फाइल लोण्यासारखी सेव्ह झाली.

वहिनींच्या जिवात जीव आला. म्हणजे काही नाही, मशीनच बिघडलेलं. त्यांनी आकडा परत नीट केला आणि चहा करायला उठल्या. गॅसपाशी उभं असताना त्यांना काकांचं एक बोलणं आठवलं. कुणीतरी एकदा काकांची परीक्षा बघायला जाणूनबुजून चुकीचा नकाशा पुढे ठेवला होता. काकांनी पंजा ठेवलाच नव्हता. "ही चूक नाही, हा वात्रटपणा आहे," म्हणून कागद परत दिला होता. तुम्हाला माहीत असलेल्या चुकीला तपासनीस कशाला हवा?

चहाचा कप घेऊन त्या परत आल्या. बाहेर ढग आले होते, खोलीत उजेड कमी होता आणि पडदा मघाशीच झोपी गेला होता. काळ्या काचेवर धुळीचा पातळ थर. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात धूळ नव्हती. स्वच्छ जागा वितीएवढी होती, आणि तिच्यातून वरच्या बाजूला चार पट्टे गेले होते.

वहिनींनी फडकं घेतलं आणि सगळी काच पुसून टाकली. पुसताना त्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नव्या इमारतीवर गेले. आज लिफ्ट पहिल्यांदाच शेवटच्या मजल्यापर्यंत न्यायची होती. नकाशा आदल्या दिवशीच सेव्ह झाला होता, एका फटक्यात. वहिनींनी तरी तो दोनदा तपासला होता. मग त्यांनी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि काकांच्या घरी गेल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याच नकाशाची एक प्रत गुंडाळून बरोबर घेतली. काकांकडे जाताना दुसरं काय न्यायचं हे त्यांना सुचलंच नाही.

दार काकांच्या सुनेने उघडलं. चाळिशीची बाई, बाह्या दुमडलेल्या, चेहऱ्यावर झोपेची उधारी. वहिनींनी कंपनीचं नाव सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

"या ना. कुणी येतच नाही हो आता. बोलत नाहीत, ओळखत नाहीत, पण तुम्ही बोला. मी पण बोलते. उलट उत्तर देत नाहीत, असे सासरे कुणाला मिळतात?"

काका खिडकीजवळ पलंगावर होते. पूर्वीच्या अर्धे झालेले, डोळे अर्धवट मिटलेले. उजवं अंग निकामी. डावा हात चादरीवर उताणा पडला होता, आणि वहिनींना एकदम हायसं वाटलं. हात नुसता हात होता. म्हातारा आणि गोरा.

"हात हलवतात का?" त्यांनी विचारलं.

"त्याचीच तर गंमत आहे. एरवी असा पडलेला असतो. पण मधेच पालथा करतात आणि गादीवर असा दाबून धरतात, की उचलता उचलत नाही. माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांनी ओढून बघितलं. डॉक्टर म्हणाले झटके असतील, वेळ लिहून ठेवा." सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "मी लिहिते आपली."

वहिनींनी पर्समधली चिठ्ठी काढली. कॅलेंडरवर चौकटीत बारीक अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. मंगळवार, नऊ चाळीस. चिठ्ठीवर नऊ चाळीस. पुढची अकरा पाच. चिठ्ठीवर अकरा पाच. तिसरी. चौथी. दोन घड्याळं इतकी नेमकी चालत नाहीत, लिहिण्यातच काहीतरी चुकलं असेल, असा एक विचार वहिनींच्या मनात आला, आणि त्या विचाराला धरून राहावं असं त्यांना फार वाटलं.

"काय झालं? बसा, घाम आलाय तुम्हाला. पाणी आणते."

सून आत गेली. वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. भीती वाटत होतीच, तरी त्या आणखी जवळ सरकल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी कागद ओढला. चूक होती त्यात. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. आणि आता हे जे काय आहे ते तुम्ही करत असाल, तर माझं माणूस तुमच्यामुळे घरी येतंय. माझ्या जन्मात फिटायचं नाही हे." डोळे पुसून त्यांनी नकाशा उलगडला आणि काकांच्या मांडीवर पसरला. "बघा. आजचा आहे. दोनदा तपासलाय."

डावा हात पालथा झाला आणि कागदावर आला.

तो कोपऱ्यावर गेला नाही. कागदावरून सरकत सरकत वर गेला आणि शाफ्टच्या माथ्यावर पंजा पसरून थांबला.

६

वहिनींनी माथ्यावरचा आकडा पाहिला. बोटांच्या फटीतून दिसत होता. बरोबर होता. त्याखालचा बरोबर. मजल्यांच्या उंच्या बरोबर, बेरीज बरोबर. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून बेरीज केली. पंजा हलला नाही. काकांचे डोळे मिटलेलेच होते, पण मनगटावरची शीर ताठ झाली होती.

"अगंबाई, आला का झटका?" सून पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. "दहा वीस," असं म्हणून ती सवयीने कॅलेंडरकडे वळली.

कागद बरोबर होता. बेरीज तीनदा केली तरी बरोबर येत होती. एकदा याच हाताखालून आपण कागद ओढला होता, आणि तेव्हाही आपल्याला चूक दिसत नव्हती, एवढंच वहिनींना आठवलं. त्यांनी फोन काढला.

मिस्त्रींचा फोन लागेना. शाफ्टमध्ये तो कधीच लागत नसे. त्यांनी इमारतीच्या वॉचमनचा नंबर लावला. वाजत राहिला. कापला. पुन्हा लावला.

"हॅलो, कोण?"

"मी लिफ्टवाल्या मिस्त्रींची बायको. ते कुठे आहेत?"

"आतच आहेत की. टपावर उभे राहून वर चाललेत. आवाज येतोय ना बघा."

येत होता. मोटरचा एकसुरी घरघराट, फोनमधून आणि त्या खोलीतूनही आल्यासारखा.

"मेन स्विच बंद करा."

"ताई, असं कसं? मिस्त्री मला शिव्या..."

"शिव्या मी खाईन. दादा, तुमच्या पाया पडते. आत्ता बंद करा."

पावलं ऐकू आली. लोखंडी झाकण उघडल्याचा आवाज. मग खट्. घरघराट थांबला, आणि दोन्हीकडे इतकी शांतता झाली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. वहिनी फोन कानाला लावून बसून राहिल्या. फोनमधून लांबवर मिस्त्रींचा आवाज आला. ते कुणाच्या तरी सात पिढ्या काढत होते. इतका मंगल आवाज वहिनींनी आयुष्यात ऐकला नव्हता. मग तो आवाज मधेच तुटला.

वॉचमनची पावलं जिन्यावरून वर पळत गेली. मग फोनवर मिस्त्रीच होते, धाप लागलेले.

"अगं."

"बोला ना."

"टाकीसाठी वर आडवी तुळई घातलीय त्यांनी. गेल्या आठवड्यात. कुणी सांगितलंच नाही, कागदावर नाही. अंधारात दिसेना. माझं लक्ष खाली खुणांवर." ते थांबले. "वीज गेली म्हणून टॉर्च वर मारला. डोक्यापासून एक वीत, गं. एकच वीत राहिली होती." पुन्हा थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

वहिनी काकांकडे बघत होत्या. कागदावरचा पंजा उचलला जात होता, हळूहळू, जड काहीतरी उचलावं तसा. दोन बोटं खाली आली. टक. टक. मग हात चादरीवर उताणा पडला.

सून पेला धरून उभी होती. "असं कधी केलं नव्हतं त्यांनी," ती म्हणाली.

वहिनींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकून पोटभर रडल्या. हात कोमट होता, त्या काचेसारखाच.

७

त्यानंतर त्या दर आठवड्याला जात राहिल्या. मिस्त्रीही येत. ते काही विचारत नसत, काकांची दाढी करून देत आणि खिडकीत बसून राहत. साहेबांनी नकाशावरचा तपासनिसाच्या सहीचा रिकामा चौकोन काढून टाकायला सांगितलं होतं, तो वहिनींनी तसाच ठेवला. वैद्यबुवा तिसऱ्या फेरीला आले, तेव्हा मशीन बरं झालंय असं सांगून वहिनींनी त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवलं.

पावणेदोन महिन्यांनी एका सकाळी सुनेचा फोन आला. काका पहाटे गेले, झोपेतच, त्रास झाला नाही. वहिनी आणि मिस्त्री सगळं आटपेपर्यंत तिथे होते. चौथ्या दिवशी वहिनी कामावर गेल्या.

टेबलावर अर्धवट राहिलेला नकाशा होता. तो त्यांनी पुरा केला. मन थाऱ्यावर नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि आता मागे कुणी नाही हेही कळत होतं. मिस्त्री प्रिंटरपाशी हेल्मेट घेऊन उभे होते. आज त्यांचे पाय घाई करत नव्हते.

वहिनींनी सेव्ह केलं.

ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे.

मिस्त्रींनी बायकोच्या खांद्यावरून तो चौकोन वाचला. त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. वहिनींनी हात पुढे करून काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला बोटं लावली आणि झटकन मागे घेतली. कोपरा गार होता. इतका गार, की बोटांची टोकं दुखली.

त्यांनी ती बोटं पदराखाली ऊब येईपर्यंत धरून ठेवली. अंगावर काटा आला होता, तो त्यांनी येऊ दिला.

"बघते हं, काका," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या आकड्यापासून तपासायला लागल्या.